हँडहेल्डवर फायटिंग गेम: काय कापायचं आणि कशाला हात लावायचा नाही

नागपुरातल्या तीन मित्रांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पीसीसाठी त्यांनी २डी फायटिंग गेमचे दोन भाग केले आहेत. पहिल्यात ८ पात्रं होती, दुसऱ्यात १४ झाली. खेळायला सहा बटणं, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. स्टेज सगळी आपल्या गावातली: फुटाळा, सीताबर्डीचा किल्ला, मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक. बडग्या नावाचं एक पात्र खेळणाऱ्यांचं विशेष लाडकं आहे. आता तिसरा भाग हँडहेल्डसाठी, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रांसाठी काढायचा आहे: व्हॉल्व्हचा स्टीम डेक आणि निन्टेन्डोचा स्विच. दुसरा भाग डेकवर चालवून पाहिला तर मारबतीच्या स्टेजवर फ्रेम्स पडतात, म्हणजे दर सेकंदाला दिसणारी चित्रं कमी होतात, आणि खेळून पाहणारे मित्र म्हणतात, ‘मूव्हच निघून नाही राहिली बे.’ मग पात्रं कमी करावी, ग्राफिक्स उतरवावे, की सरळ सेकंदाला ६०च्या जागी ३० फ्रेम्सवर यावं? शेवटी ‘सर, मार्गदर्शन करा’ असं लिहिलं आहे.

सर नको, भाऊ म्हणा. आपल्याकडे तेच शोभतं.

आधी सरळ उत्तर देतो. पात्रं कापू नका. ३० फ्रेम्सवर येऊ नका. ग्राफिक्स कापा, आणि त्यातही सुरुवात मागच्या दृश्यापासून करा. मूव्ह निघत नाही या तक्रारीचा ग्राफिक्सशी फारसा संबंध नाही. तो अंगठ्यांचा प्रश्न आहे आणि तुमचं सगळ्यात मोठं काम तिथेच पडलेलं आहे. फायटिंग गेम वेळ आणि अंतर या दोन गोष्टींवर उभा असतो: कुठला ठोसा कितव्या फ्रेमला लागतो आणि तो किती लांब पोचतो. मालिकेचे जुने खेळाडू तिसरा भाग हातात घेतील तेव्हा त्यांची बोटं हेच दोन तपासतील. हे शाबूत राहिलं तर चित्र निम्मं झालं तरी ते ओरडणार नाहीत. हे बिघडलं तर चित्र कितीही देखणं असो, दुसऱ्या दिवशी गेम उडवून टाकतील.

आता हातांकडे येऊ. १९९१चा स्ट्रीट फायटर टू व्हिडिओ गेम पार्लरच्या मशीनसाठी बनला. डाव्या हातात आठ दिशांची स्टिक, उजव्या हाताखाली सहा बटणं, आणि मनगटं टेकायला पुढे रुंद फळी. मशीन स्वतःच्या वजनावर उभं, त्यामुळे दोन्ही हात खेळायला मोकळे. हँडहेल्डवर दोन्ही हात आधी यंत्र धरतात, आणि जी बोटं उरतात ती खेळतात. उजवा अंगठा एकटा चार बटणं सांभाळतो, तर्जनी खांद्यावरची. पार्लरमध्ये हलक्या ठोशावर एक बोट आणि जड लाथेवर दुसरं बोट आधीच टेकलेलं असतं. इथे तोच अंगठा एकीकडून दुसरीकडे सरकतो आणि तेवढ्यात दोन-तीन फ्रेम्स निघून जातात. ज्या कॉम्बोत (लागोपाठच्या वारांच्या साखळीत) दुसरा ठोसा नेमक्या एकाच फ्रेमला दाबावा लागतो, तो इथे जवळजवळ मेलाच. म्हणून इनपुट बफर वाढवा. पीसीवर तो किती ठेवला होता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बटण थोडं आधी दाबलं गेलं तरी गेमने ते चार-पाच फ्रेम्स लक्षात ठेवावं आणि पहिली संधी मिळताच मूव्ह काढावी. ठोशाच्या फ्रेम्स तशाच राहतात, फक्त दाबायची सवड वाढते. जुना खेळाडू याला फसवणूक म्हणणार नाही, कारण त्याला ते कळणारही नाही.

दिशांचंही असंच. खाली, तिरपं, पुढे आणि ठोसा, ही हादोकेनची, म्हणजे स्ट्रीट फायटरमधल्या फायरबॉलची, चाल स्टिकवर मनगटाच्या एका झटक्यात होते. डी-पॅडवर, म्हणजे अधिक चिन्हासारख्या दिशेच्या कळीवर, अंगठ्याचं पेर घासत न्यावं लागतं आणि तिरपी दिशाच नेमकी सुटते. मूळ स्विचच्या डाव्या जॉय-कॉनवर (बाजूच्या सुट्या कंट्रोलरवर) तर डी-पॅडच नाही, चार सुटी बटणं आहेत. २०१९च्या स्विच लाइटवर तो आला. तेव्हा चाल ओळखणारा तुमचा कोड ढिला करा. तिरपी दिशा चुकली, पण खाली आणि पुढे लागोपाठ आले, तर चाल मान्य करा. मात्र एक तपासा: पुढे चालता चालता खाली बसून ठोसा मारणाऱ्याला नको असताना फायरबॉल निघतोय का? ढिलाई किती द्यायची याचं गणित कागदावर सुटत नाही. दोन डझन लोकांच्या हातात यंत्र द्यावं लागतं, आणि त्यातले निम्मे तरी तुमचे मित्र नसावेत.

डेकवर आणखी एक खोच आहे. खांद्यावरच्या खालच्या दोन कळा ॲनालॉग आहेत, म्हणजे बंदुकीच्या घोड्यासारख्या बऱ्याच आत जातात. स्विचवर त्याच जागेची बटणं साधी आहेत, दाबलं किंवा नाही एवढंच सांगणारी. जड लाथ तिथे नेमली आणि कळ पूर्ण आत गेल्यावरच दाब मानला, तर डेकवरचा खेळाडू दर वेळी उशिरा लाथ मारेल आणि दोष तुमच्या गेमला देईल. कळ जराशी हलली की दाब झाला असं धरा.

सहा बटणं हवीतच का, हाही प्रश्न विचारून बघा. इतिहासात यावर दोन रस्ते दिसतात. निन्टेन्डोच्या जुन्या गेम बॉयवर वारांसाठी दोनच बटणं होती. १९९५मध्ये त्यावर स्ट्रीट फायटर टू आला तेव्हा एक बटण ठोशाला गेलं, एक लाथेला, आणि बटण किती वेळ दाबून धरलं त्यावर वार हलका की जड हे ठरायचं. कल्पना चांगली, पण तिच्यात एक गोम आहे. बटण दाबल्या क्षणी गेमला कळत नाही की हा हलका ठोसा आहे की जड. कळायला काही फ्रेम्स थांबावं लागतं, आणि हलक्या ठोशाची सगळी मजा तो ताबडतोब निघण्यात असते. यावर तोड म्हणजे दोन्ही ठोशांची सुरुवातीची हालचाल एकच ठेवायची. बटण दाबलं की खांदा मागे जातो, तेवढ्यात गेम निर्णय घेतो, आणि तिथून पुढे हात वेगवेगळा जातो. खेळाडूला थांबल्यासारखं वाटत नाही.

हा मार्ग सगळ्यात छान कोणी वापरला असेल तर एसएनके या जपानी कंपनीने. त्यांच्या निओ जिओ पॉकेट कलरवर, साल १९९९, दोन वारांची बटणं आणि क्लिक-क्लिक वाजणारी, आत मायक्रोस्विच असलेली इवलीशी स्टिक होती. स्क्रीन १६० गुणिले १५२ पिक्सेल. त्यावर त्यांनी द किंग ऑफ फायटर्स आर-२ काढला, आणि त्याच वर्षी एसएनके व्हर्सेस कॅपकॉम: द मॅच ऑफ द मिलेनियम, त्यात २६ पात्रं. पार्लरच्या त्यांच्या मशीनवर चार बटणं होती. ती दोनवर आणताना त्यांनी प्रत्येक पात्राच्या मूव्ह्ज नव्याने निवडल्या, जुनी यादी दाबून दाबून बसवली नाही. पात्रं बुटकी, डोकी मोठी, पण फायरबॉलवरून उडी मारायची वेळ तीच. मॅच ऑफ द मिलेनियम २०२१मध्ये स्विचवर पुन्हा आला आहे. तिघांनी तो घ्या आणि आठवडाभर दुसरं काही खेळू नका. माझ्या या उत्तरापेक्षा जास्त शिकाल.

दुसरा रस्ता एका बटणावर स्पेशल मूव्ह देण्याचा. २०११मध्ये निन्टेन्डोच्या ३डीएस या दोन स्क्रीनच्या हँडहेल्डबरोबर सुपर स्ट्रीट फायटर फोर ३डी एडिशन आला. खालच्या टच स्क्रीनवर चार चौकोन होते, त्यावर बोट टेकवलं की अख्खी मूव्ह निघायची. नवशिक्यांना आनंद झाला, पण गाइलसारख्या पात्रांचं गणित कोसळलं. त्याचा सॉनिक बूम टाकायचा तर आधी काही वेळ मागे दाबून धरावं लागतं, म्हणजे तेवढा वेळ पुढे जाता येत नाही. ती त्या मूव्हची किंमत आहे. टच स्क्रीनवर ही किंमतच माफ झाली आणि गाइल पुढे चालत चालत सॉनिक बूम फेकू लागला. शेवटी ऑनलाइन खेळताना या सोयीची माणसं आणि बिनसोयीची माणसं वेगळी निवडायची व्यवस्था होती म्हणून बरं. तुमचा बडग्याही याच जातीचा दिसतो, मागे धरून पुढे झेपावणारा. त्याला एका बटणाची सोय द्यायची तर किंमत दुसरीकडून वसूल करा: झेप संपल्यावर सावरायला जास्त फ्रेम्स, किंवा कमी नुकसान. २०२३च्या स्ट्रीट फायटर सिक्सने हेच केलं. त्याच्या मॉडर्न पद्धतीत एका बटणाने काढलेली स्पेशल मूव्ह २० टक्के कमी लागते. माझं मत विचाराल तर मागे धरण्याची अट बडग्याला तशीच ठेवा आणि फक्त शेवटची चाल सोपी करा. म्हणजे पुढे अधिक ठोसा याऐवजी एकच बटण, पण धरणं आधीसारखंच.

आता स्क्रीन. जुन्या यंत्रांवरची अडचण किती ठोस होती हे समजलं की आजची अडचण सोपी वाटते. गेम बॉयची स्क्रीन १६० गुणिले १४४. त्यावर एका आडव्या ओळीत जास्तीत जास्त १० स्प्राइट्स दिसू शकत, प्रत्येक ८ पिक्सेल रुंद. म्हणजे एका ओळीत हलणारी चित्रं मिळून ८० पिक्सेल. दोन लढवय्ये ४०-४० पिक्सेल रुंद काढले की कोटा संपला. त्यात एकाने फायरबॉल टाकला की कुणाचा तरी हात किंवा पाय त्या ओळीतून गायब होणार. मग स्प्राइट्स आळीपाळीने दाखवायचे आणि चित्र लुकलुकायचं. भरीला त्या काळची एलसीडी इतकी मंद की वेगाने सरकणारी आकृती मागे धुरासारखी शेपूट सोडायची. ताकारा कंपनीने गेम बॉयवर आणलेल्या एसएनकेच्या गेम्समध्ये पात्रं ठेंगणी, मोठ्या डोक्याची का झाली याचं एक कारण इथे सापडतं. अरुंद शरीराला स्प्राइट्स कमी लागतात, आणि मोठ्या डोक्यामुळे एवढ्याशा पडद्यावरही कोण कोण आहे ते ओळखू येतं.

तुम्हाला स्प्राइट्सचा कोटा नाही, पण आकाराची अडचण आहेच. २४ इंची मॉनिटरवर स्क्रीनच्या एक तृतीयांश उंचीचं पात्र साधारण १० सेंटिमीटर भरतं. डेकच्या ७ इंची स्क्रीनवर तेच ३ सेंटिमीटर होतं. हँडहेल्ड डोळ्यांजवळ धरतात म्हणून थोडी भरपाई होते, सगळी नाही. खाली लाथ येणार की वरून ठोसा, हे समोरचा तुमच्या पात्राच्या गुडघ्याच्या वाकण्यावरून ओळखतो. ते वाकणं आता दोन-तीन मिलिमीटरांत आलं.

अशा वेळी सगळ्यांच्या डोक्यात पहिली कल्पना येते कॅमेरा जवळ न्यायची. करू नका. समजा तुमच्या गेममध्ये दोन पात्रांत जास्तीत जास्त अंतर १००० एकक आहे आणि फायरबॉल एका फ्रेमला १० एकक जातो. समोरच्याला तो पोचायला १०० फ्रेम्स मिळतात. कॅमेरा जवळ आणून अंतर ७०० केलं की ७० फ्रेम्स उरतात. अर्धा सेकंद गेला. उडी मारायची, अडवायचं की पुढे घुसायचं, हा विचार ज्या अर्ध्या सेकंदात होत होता तोच तुम्ही कापलात. शिवाय लांबून खेळणारी पात्रं कोपऱ्यात अडकली आणि जवळून पकडणारी फुकटात बलवान झाली. एवढं करून मालिकेचं संतुलन पुन्हा बसवायला वर्ष जाईल. त्यापेक्षा अंतर तेच ठेवा आणि चित्रांत बदल करा. वाराच्या आधीची पोझ अतिशयोक्त करा, मारणारा हात किंवा पाय उजळ ठेवा, पात्राभोवती गडद रेघ द्या. २०१४च्या सुपर स्मॅश ब्रदर्सच्या ३डीएस आवृत्तीत पात्रांभोवती अशी रेघ होती आणि तिची जाडी खेळाडूला बदलता यायची. डेकची स्क्रीन १६ बाय १० आहे, स्विचची १६ बाय ९. डेकवर वर-खाली जास्तीचं आकाश दिसू दे, पण आडवं दृश्य दोघांनाही तेवढंच मिळालं पाहिजे, नाहीतर ऑनलाइनमध्ये एकाला दुसऱ्यापेक्षा जास्त दिसेल.

अक्षरांबद्दल एक. डेकवर गेमला पूर्ण मान्यता हवी असेल तर व्हॉल्व्हची अट आहे की १२८० गुणिले ८०० रिझोल्युशनला सगळ्यात लहान अक्षर ९ पिक्सेलपेक्षा कमी उंचीचं नको. ती अट रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली दिसते. तुमच्या मेन्यूत मराठी असेल, आणि असावीच, तर वरची वेलांटी, खालचा उकार आणि मधलं जोडाक्षर ९ पिक्सेलमध्ये बसवून दाखवा. मी दुप्पट उंची धरून चालतो.

३० फ्रेम्सचं आता. ६० फ्रेम्स म्हणजे एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम्स. तुमच्या गेममधला वरून येणारा जड वार २० फ्रेम्सना लागत असेल तर समोरच्याकडे फक्त पाच-आठ फ्रेम्सची मोकळीक आहे. ३० वर आल्यावर चित्र उशिरा दिसणार, बटणही उशिरा वाचलं जाणार, आणि ही मोकळीक नाहीशी होणार. आधीच्या लोकांनी काय केलं बघा. डेड ऑर अलाइव्ह डायमेन्शन्स ३डीएसवर ३डी बंद असताना ६० फ्रेम्सने चालायचा, चालू केलं की ३०. जाणते खेळाडू कुठलं बटण बंद ठेवत असतील ते सांगायला नको. सोनीच्या व्हिटा हँडहेल्डवरच्या २०१२च्या मॉर्टल कॉम्बॅटमध्ये पात्रांचे चेहरे, कपडे सरळ साधे करून टाकले, वेग ६० ठेवला. लोक चेहऱ्यांना हसले आणि खेळत राहिले. ३डीएसच्या स्मॅशमध्ये लढणारे ६० फ्रेम्सने हलायचे, मदतीला येणारी पाहुणी पात्रं ३० ने.

हा शेवटचा तोडगा तुमच्या मारबतीच्या स्टेजसाठी उचला. मागे हजारोंची गर्दी, पिवळी मारबत, काळी मारबत, झेंडे, धूर, सगळं एकाच वेगाने कशाला हलायला हवं? गर्दीचं एकच मोठं चित्र करा, स्थिर. मारबतीचा पुतळा १५ फ्रेम्सने डुलू द्या. मिरवणुकीतला तो पुतळा तसाही धक्क्या-धक्क्यानेच हलतो, उलट खरं वाटेल. सुपर स्ट्रीट फायटर फोरच्या ३डीएस आवृत्तीतही मागची दृश्यं गोठवलेलीच होती. धूर मात्र पूर्ण काढा. अर्धपारदर्शक थर एकावर एक आले की ग्राफिक्स चिपचा जीव जातो, आणि पात्रांचे पाय झाकले जातात ते वेगळंच.

पात्रं का कापू नका, याचा हिशेब करू. गेम बॉयच्या काळात कार्ट्रिजची जागा तुटपुंजी होती. स्ट्रीट फायटर टूच्या तिथल्या आवृत्तीत १२ पैकी ९ जण उरले, आणि त्याआधी १९९३च्या मॉर्टल कॉम्बॅटमधून जॉनी केज गळला. तुमच्याकडे ती टंचाई नाही. समजा एका पात्राची ४०० चित्रं आहेत, प्रत्येक ५१२ गुणिले ५१२. न दाबलेलं एक चित्र १ एमबी. लढाईत एका वेळी दोनच पात्रं, म्हणजे ८०० एमबी. ग्राफिक्स चिपला समजणाऱ्या पद्धतीने चित्रं दाबली आणि दर पिक्सेलला एक बाइट ठेवला तर २०० एमबी. स्क्रीन ७२०ची आहे म्हणून चित्रं दोन तृतीयांशावर आणली तर क्षेत्रफळ नऊला चार या प्रमाणात उतरतं आणि ९० एमबीच्या आत काम होतं. मूळ स्विचच्या ४ जीबी मेमरीत हे सहज बसतं, आणि पात्रं १४ असोत की ४०, मेमरीला फरक पडत नाही, कारण मेमरीत दोनच असतात. एका जागी जोडीने लढणारी पात्रं तेवढी महाग. ३डीएसच्या स्मॅशमधून आइस क्लाइंबर्स ही जोडगोळी याच कारणाने गेली. निन्टेन्डोच्या घरगुती वी यू-वर ती चालत होती, पण ३डीएसच्या ताकदीत बसेना, आणि दोन्ही आवृत्त्यांत पात्रं सारखी ठेवायची म्हणून दोन्हीकडून वगळली, असं दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनीच सांगितलं होतं. तुमच्या यादीत अशी जोडी नसेल तर एकालाही घरी पाठवू नका. प्रत्येक पात्रामागे कुणीतरी एक खेळाडू असतो, जो तेवढ्यासाठीच तुमचा तिसरा भाग विकत घेणार आहे.

ऑनलाइन खेळायचं तर रोलबॅक, दुसरं काही नको. समोरच्याचं बटण यायला उशीर झाला तर गेम अंदाजाने पुढे जातो, आणि अंदाज चुकला तर मागे येऊन मधल्या फ्रेम्स पुन्हा मोजतो. रोलबॅकसाठीच्या जीजीपीओचा कोड २०१९पासून खुला आहे, तो वाचा. छोट्या यंत्रावर यातली मेख अशी की सात फ्रेम्स मागे जावं लागलं तर एका फ्रेमच्या वेळात आठ फ्रेम्सचं गणित करावं लागतं. चित्र काढायला १० मिलिसेकंद गेले तर उरलेल्या साडेसहांत आठ वेळा गेम चालवायचा, म्हणजे एकदा चालवायला पाऊण मिलिसेकंदाच्या आसपास. आवाज, ठिणग्यांचे कण, कॅमेऱ्याची हालचाल हे सगळं या गणितातून बाहेर काढा. आणि डेकचा प्रोसेसर एका जातीचा, स्विचचा दुसऱ्या. दशांशाचे हिशेब दोघांवर केसभर वेगळे आले तर दहा सेकंदांनी एकाच्या स्क्रीनवर बडग्या जिंकलेला आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर हरलेला दिसेल. जागा, वेग, हिटबॉक्स (वार लागतो ती चौकट) सगळं पूर्णांकांत ठेवा. हे काम आज कंटाळवाणं वाटेल, पण नंतर करायला घेतलंत तर सगळा कोड उसवावा लागेल.

आणि आपलं ऊन. हे पुण्या-मुंबईचा कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. व्हॉल्व्हच्या म्हणण्यानुसार डेक भोवतालच्या ० ते ३५ अंशांत नीट चालतो. निन्टेन्डोने स्विचसाठी ५ ते ३५ सांगितले आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो आणि कूलर लावलेल्या खोलीतही ३५च्या खाली येईलच असं नाही. यंत्र तापलं की स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. तुमचा गेम एसीत ६० फ्रेम्स नेमक्या देत असेल तर दुपारी दोन वाजता त्या ५० होणार. म्हणून काठावर चालवू नका. डेकची चिप ४ ते १५ वॉट खाते, तुम्ही ८ वॉटची मर्यादा घालून ६० येतात का ते बघा. आले तर बॅटरीही टिकेल. आणखी एक: बॅटरी वाचवायला खेळाडू डेकवर ४० फ्रेम्सचा लिमिटर लावतात. तुमच्या गेमचं घड्याळ चित्राच्या फ्रेमला बांधलेलं असेल तर लढाई संथ होईल. लढाईचं गणित दर सेकंदाला ६० वेळाच चाललं पाहिजे, चित्र कितीही वेळा निघो.

उन्हातलं दुसरं प्रकरण म्हणजे चकाकी. मेट्रोच्या डब्यात खिडकीशी बसून सकाळी अकरा वाजता खेळून पहा. फुटाळ्याच्या स्टेजवर संध्याकाळचे जांभळे रंग आणि समोर गडद कपड्यांतली पात्रं असतील तर काहीच दिसणार नाही. मेट्रोतच आवाज बंद ठेवून खेळा, कारण बरेच जण तसेच खेळतात. वार लागला की अडवला गेला हे तुम्ही फक्त आवाजाने सांगत असाल तर तिथे ते हरवतं. ठिणगीचा रंग वेगळा ठेवा, थोडं कंपन द्या.

बाकी किरकोळ. यंत्र झोपवलं आणि परत उठवलं की लढाई थांबलेली असावी आणि ३-२-१ मोजून सुरू व्हावी. मेन्यूतून लढाईपर्यंत जायला जितकी बटणं लागतात ती निम्मी करा. गड्डीगोदामहून सीताबर्डीला येईपर्यंत माणसाची एक लढत पूर्ण झाली पाहिजे. एकट्याने खेळणाऱ्यांसाठी २००६चा सोनीच्या पीएसपी हँडहेल्डवरचा टेकन: डार्क रिझरेक्शन बघा. त्यात दुसऱ्या खेळाडूंच्या सवयी उचललेले घोस्ट उतरवून घेता यायचे आणि त्यांच्याशी नेटशिवाय लढता यायचं. घराबाहेर नेट जातंच, त्यामुळे ही सोय अजून जुनी झालेली नाही.

सुरुवात कुठून करायची? चित्रं बाजूला ठेवा. दोन करडे चौकोन, त्यांचे हिटबॉक्स, तुमच्या दुसऱ्या भागाच्या फ्रेम्सचे आकडे, आणि डेक. बडग्या आणि एक साधं पात्र एवढ्यावर हात बसेपर्यंत बटणांची मांडणी बदलत रहा. जुन्या खेळाडूने डोळे मिटून ‘हा बडग्याच’ असं म्हटलं की मग चित्रकाराला बोलवा. तोवर स्विच विसरा. डेक म्हणजे पीसीच आहे, त्याला वेगळं विकासयंत्र लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, रोज नवी आवृत्ती मित्रांच्या हातात देता येते. डेकवर ८ वॉटमध्ये ६० फ्रेम्स स्थिर आल्या की स्विचच्या कामाला लागा, आणि पूर्णांकांचं काम तेव्हा संपलेलं असू द्या.